वाचकांचे प्रश्न : एसीच्या कामाचे ‘लायसन’

प्रश्न : मी मालवणचा रहिवासी असून आयटीआयमधून रेफ्रिजरेशन व एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केला आहे. सध्या कुडाळला एका दुकानात नोकरी करतो. स्वतःचा व्यवसाय सुरू करावा म्हणतो. परंतु तारकर्लीच्या एका रिसॉर्टने एसीचे कंत्राट देण्यापूर्वी ‘लायसन’ मागितले. ते कोठे मिळते?

उत्तर : केवळ एसीच्या कामासाठी असा स्वतंत्र सरकारी परवाना महाराष्ट्रात नाही. रिसॉर्टचालकांना विद्युत ठेकेदाराचा परवाना अभिप्रेत असावा आणि त्यांची मागणी रास्त आहे. घरगुती उपकरण बदलण्यास नियमांत सूट आहे. मात्र नवी वायरिंग ओढणे किंवा विजेच्या मांडणीची क्षमता बदलणे ही कामे परवानाधारक ठेकेदारानेच, प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करावी लागतात. हा परवाना राज्याचे अनुज्ञापक मंडळ देते. चौकशी जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात करावी. तुमचे आयटीआय प्रमाणपत्र त्याची जागा घेऊ शकत नाही. त्यामुळे आरंभी एखाद्या परवानाधारक ठेकेदाराशी लेखी करार करून विजेचे काम त्याच्याकडे सोपवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. खोल्या अनेक असतील, तर महावितरणकडून मंजूर भारही (जोडणीवर वापरता येणारी वीजक्षमता) वाढवून घ्यावा लागेल, हे मालकाला आधीच सांगा.

व्यवसायाच्या नोंदणीचे म्हणाल, तर उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) विनाशुल्क होते; कामगार थोडे असल्यास दुकाने अधिनियमाखाली केवळ सूचना द्यावी लागते.

तुमची खरी परीक्षा मात्र समुद्रकाठी आहे. खारी हवा आणि दमटपणा यांमुळे तांब्याची नळी व अॅल्युमिनियमची पाती जेथे एकमेकांना चिकटतात तेथे गंज धरतो, पाती पांढरी पडून भुगा होऊ लागतात आणि कॉइल (नळी व पात्यांचा हा संच) पुरेशी उष्णता बाहेर टाकू शकत नाही. म्हणून आउटडोअर युनिट समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याच्या थेट तोंडी बसवू नका आणि ते ठरावीक काळाने गोड्या पाण्याने धुण्याचे काम वार्षिक देखभाल करारात मोबदल्यासह लिहून घ्या. गळती तपासताना दाब कोरड्या नायट्रोजननेच द्यावा. ऑक्सिजन वापरल्यास तो कॉम्प्रेसरच्या तेलाशी मिळून स्फोट घडवू शकतो. त्यानंतर व्हॅक्यूम पंपाने नळीतली हवा व ओलावा काढल्याशिवाय यंत्रात गॅस भरू नये. नव्या यंत्रांतला आर-३२ हा वायू सौम्य ज्वलनशील असतो, त्यामुळे भरलेल्या नळीवर ब्रेझिंगची (नळ्यांना तापवून धातूचा जोड देण्याची) ज्योत धरण्याआधी तो रिकव्हरी यंत्राने सिलिंडरमध्ये काढून घ्यावा. रिकव्हरी यंत्र महाग वाटेल, तरी पहिल्या कंत्राटाच्या दरात त्याचा खर्च धरावा.