विचारा की! : कॉफीच्या मशीनला पाणी कुठलं पाजता?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो की घरी एस्प्रेसो मशीन (दाबानं कडक कॉफी काढतं ते) असेल आणि काही अडत असेल तर लिहा. वाटलं होतं संभाजीनगरातूनच दोन-चार पत्रं येतील, तर लातूर, परभणी, नांदेड, अंबाजोगाई, बीड, सगळीकडून आली. माझं मशीन 11 वर्षांचं आहे, दोनदा मीच बिघडवलं आणि दोनदा मीच नीट केलं, तेवढ्याच अधिकारानं ही उत्तरं द्यायलोय.

प्रश्न (लातूर): दादा, मशीन घेऊन 2 वर्षं झाली. आधी वाफ कशी जोरात यायची, आता नुसती फुसफुस करायलीय. पाणी बोअरचं, उन्हाळ्यात टँकर. दुकानदार म्हणतो बॉयलर गेला, 9 हजार लागतील. खरंच गेला का?

उत्तर: आधी ते 9 हजार खिशातच ठेवा. मशीन बंद करा, पूर्ण गार होऊ द्या, मग वाफेच्या नळीचं टोक काढून उजेडात धरा. त्याला एक ते चार बारीक भोकं असतात, त्यात दूध सुकून घट्ट बसलेलं असणार. गरम पाण्यात अर्धा तास भिजवा आणि सेफ्टी पिनच्या टोकानं अलगद मोकळी करा. आपल्याकडं म्हशीचं दूध, साय जास्त, आणि दूध तापवून झाल्यावर नळी पुसायचा कंटाळा. त्यात आणखी एक भानगड अशी की बॉयलर गार व्हायला लागला की आत पोकळी तयार होते आणि नळी दूध उलटं आत ओढते, म्हणून दूध तापवलं की लगेच ओल्या फडक्यानं पुसायचं आणि एक-दोन सेकंद वाफ सोडून द्यायची, इतकंच, पण रोज.

टोक साफ करूनही फरक पडला नाही तर मग क्षार. आता मला सांगा, त्या बोअरच्या पाण्यात तुमच्याकडं तुरीची डाळ शिजते का? कुकरच्या पाच-सहा शिट्ट्या होऊनही दाणा टणक राहत असेल आणि घरातल्या बाया डाळीपुरतं पिण्याचं पाणी वेगळं घेत असतील तर उत्तर त्यांना कधीच माहीतए, फक्त मशीनच्या बाबतीत त्यांना कुणी विचारलं नाही. जे पाणी डाळीला चालत नाही ते मशीनला पण चालत नाही.

होतं असं की जड पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेलं असतं, पाणी तापलं की त्यातून कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडतं आणि जिथं जास्त गरम तिथं जाऊन बसतं, गिझरच्या कॉइलवर दगड चढतो तसंच. मशीनमधे तर वाफ निघून जाते आणि क्षार मागंच राहतात, त्यामुळं वाफेच्या बॉयलरमधलं पाणी दिवसेंदिवस आणखी जड होत जातं. तुमच्या मशीनला वाफेचा बॉयलर वेगळा असेल आणि गरम पाण्याचा नळ त्यावरूनच असेल तर आठवड्यातून एकदा त्यातून अर्धा-पाऊण लिटर काढून टाका म्हणजे आतलं पाणी बदलतं.

बरेच जण टीडीएस मीटर घेऊन बसतात. तो सगळे विरघळलेले क्षार मिळून एक आकडा दाखवतो, त्यात चुन्याचे किती ते कळत नाही. सॉफ्टनर लावला तर कॅल्शियम जाऊन सोडियम येतं, आकडा जवळपास तोच राहतो, आणि माणूस म्हणतो सॉफ्टनर फसवा निघाला. जडपणा मोजायचा असेल तर थेंब टाकून रंग बदलणारं किट घ्या, मासे पाळायचं सामान मिळतं त्या दुकानात असतं.

घरी आरओ आहे ना? त्याचंच वापरा, पण बसवणाऱ्यानं चव यावी म्हणून टीडीएस कंट्रोलरचा स्क्रू उघडा ठेवलाय का ते विचारा, कारण त्यातून काही प्युरिफायरमधे आरओमधून न गेलेलं जड पाणीच थोडं मिसळून येतं. दुसऱ्या टोकाला अगदी कोरं आरओ किंवा डिस्टिल्ड पाणी पण नको, ते धातूला खातं, आणि बॉयलरमधे पाणी किती आहे हे सळईनं ओळखणाऱ्या मशीनला ते पाणी कळतच नाही, मशीन आपलं भरतच बसतं. मी काय करतो सांगतो. 1 लिटर आरओच्या पाण्यात 10 ग्रॅम खायचा सोडा विरघळवून बाटली भरून ठेवतो आणि मशीनच्या दर लिटर पाण्यात त्यातलं 10 मिली टाकतो, म्हणजे लिटरला 100 मिलिग्रॅम सोडा झाला. चुना नाहीच त्यामुळं थर नाही, आणि पाणी अगदी कोरं पण नाही. बाटलीवर ठळक लिहून ठेवा, आमच्याकडं पाहुण्यांनी एकदा पाणी समजून घोटभर घेतलं होतं.

आणि आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत धरा, फरशीला चालतं. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेल्या गावाला हे मी काय सांगावं.

प्रश्न (संभाजीनगर): क्षार काढायला महिन्याला व्हिनेगर फिरवा असं एका व्हिडिओत बघितलं. करू का?

उत्तर: व्हिनेगर नको. वास आठवडाभर जात नाही आणि रबरालाही चांगलं नाही. किराणा दुकानात ढोकळ्यासाठी सायट्रिक अ‍ॅसिड मिळतं, लिंबूफूल म्हणतात तेच, लिटरला 25 ग्रॅमच्या आसपास पुरतं. कोमट पाण्यात करा, उकळत्या गरम बॉयलरमधे नाही, फार तापलं तर कॅल्शियम सायट्रेट तयार होऊन तेच आत साचतं. नंतर दोन-तीन टाक्या साधं पाणी फिरवून आंबटपणा जाईपर्यंत धुवा. बॉयलर अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर अ‍ॅसिड जास्त वेळ आत ठेवू नका, कंपनीचं डिस्केलर (क्षार काढायचं औषध) असेल तर तेच बरं.

पण महिन्याला कशासाठी? पाणी नीट असेल तर फार क्वचित लागतं. माझी फजिती ऐका. चौथ्या वर्षी मला वाटलं लई दिवस झाले साफ केलं नाही, म्हणून दुप्पट लिंबूफूल टाकून मशीन रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी कॉफी काढली तर कप अर्धाच भरला आणि खालच्या ट्रेमधे टप टप टप, थांबायचं नावच नाही. दोन दिवस शिव्या घातल्या, मग सोलेनॉइड व्हॉल्व्ह उघडला, हा कॉफी झाल्यावर उरलेला दाब ट्रेमधे सोडतो तो. आतल्या रबरी सीटवर एक पांढरी खपली अडकलेली, मोहरीच्या दाण्याएवढी. ॲसिडनं सगळा थर विरघळत नाही, तुकडे सुटतात आणि बारीक वाटेत जाऊन बसतात. ती खपली मी अजून काडेपेटीत ठेवलीय. मोठं, दोन बॉयलरचं मशीन असेल आणि आत थर चढलाय अशी शंका असेल तर सरळ उघडणाऱ्या माणसाकडं न्या.

प्रश्न (परभणी): हँडल लावलं की कडेनं पाणी टपकायलंय, जोर लावून आवळलं तरी. सर्व्हिसवाले म्हणतात पुण्याला पाठवा.

उत्तर: एका रबराच्या रिंगसाठी पुणं कशाला! ते ग्रुपचं, म्हणजे हँडल जिथं अडकवतो त्या भागाचं, गॅस्केट गेलं. गरमीनं रबर कडक होतं, वर्ष-दोन वर्षांत बदलायचंच असतं. ओळखायची खूण म्हणजे नवीन असताना हँडल तुमच्याकडं सरळ, घड्याळात सहाचा आकडा असतो तिथं थांबायचं, आता पाचकडं, चारकडं सरकलं असणार. जोर लावून काही होत नाही, उलट हँडलची कानं झिजतात.

गार मशीन, प्लग काढलेला. खालून जाळीचा स्क्रू काढा, जाळी खाली घ्या. जुनं गॅस्केट इतकं कडक झालेलं असतं की नखानं हलत नाही, म्हणून लाकडाचा छोटा स्क्रू त्यात दोन-तीन आटे फिरवायचा आणि पक्कडीनं ओढायचं. एका जागी नाही निघालं तर समोरच्या बाजूला दुसरा स्क्रू. माझं पहिलं निघालं तेव्हा बिस्किटासारखं तुटून हातात आलं. खाचेतली काळी कॉफीची खळ जुन्या टूथब्रशनं घासून काढा, हे नाही केलं तर नवीन पण गळणार. जाडी व्हर्नियरनं मोजूनच मागवा, काहींना 8 मिमी लागतं काहींना 8.5, अर्ध्या मिलीमीटरनं सगळा खेळ फसतो. सिलिकॉनचं मिळालं तर जास्त टिकतं. आणि वापर झाला की हँडल घट्ट आवळून ठेवायचं नाही, नुसतं टेकवून ठेवा.

प्रश्न (नांदेड): हैदराबादहून ताजी फिल्टर कॉफी पावडर आणतो, तीच मशीनमधे टाकतो. कधी थेंबच येत नाही, कधी धो धो. मशीनच खराब का?

उत्तर: पाकिटावर चिकोरी किती टक्के लिहिलंय ते वाचा. चिकोरी पाण्यात चिकट होते आणि 9 बारच्या, म्हणजे हवेच्या साधारण नऊपट, दाबाखाली जाळीची भोकं बुजवते, मशीनचा काही दोष नाही. ती पावडर पितळेच्या फिल्टरलाच शोभते, आणि तिथं ती झकास लागते, मी स्वतः रविवारी तीच पितो. मशीनला बिनचिकोरीची कॉफी, चिकमगळूरची म्हणा अराकूची म्हणा, ताजी दळलेली. जाळी कॉफी मशीन धुवायच्या पावडरच्या पाण्यात भिजवा, कॅफिझा वगैरे येतात त्या. ती पावडर कॉफीच्या तेलासाठी असते, लिंबूफूल क्षारासाठी, एकाचं काम दुसऱ्याला सांगू नका. बंद तळाची वाटी लावून उलटा दाब देऊन धुण्याची जी पद्धत आहे ती फक्त उरलेला दाब ट्रेमधे सोडणारा व्हॉल्व्ह असलेल्या मशीनला, बाकीच्यांना नाही.

प्रश्न (बीड): एकदाच घ्यायचं आणि 15 वर्षं वापरायचं, कुठलं घेऊ?

उत्तर: ज्याचे पार्ट दुसऱ्या कंपनीचे पण बसतात ते. फाएमा या इटालियन कंपनीनं 1961 साली ई 61 नावाचा ग्रुप काढला, त्या वर्षीच्या सूर्यग्रहणावरून नाव ठेवलं, आणि त्याचं गॅस्केट आजपण नवीन मिळतं, कितीतरी कंपन्या अजून तोच ग्रुप लावतात. लहानात बघायचं तर गॅजिया क्लासिक 1991 ची, रॅन्चिलियो सिल्व्हिया 1997 ची, दोन्ही अजून विकतात, आत साधा थर्मोस्टॅट आणि पंप, आपल्या पेठेतला इलेक्ट्रिशियन पण वायर बघून समजेल. स्क्रीनवाल्या मशीनचं कार्ड जळालं की त्याच मॉडेलचं कार्ड शोधत बसावं लागतं, आणि तोवर ती कंपनी नवीन मॉडेलवर गेलेली असते.

प्रश्न (अंबाजोगाई): मुलीनं अमेरिकेतून मशीन पाठवलंय, प्लगचा अडॅप्टर पण दिलाय. लावू का? शिवाय आमच्याकडं लाईटचा काही भरवसा नाही.

उत्तर: काकू, थांबा, लावू नका! मागं चिकटवलेल्या पट्टीवर 120 व्होल्ट लिहिलं असेल तर अडॅप्टर फक्त पिना बदलतो, व्होल्टेज नाही. आपल्या 230 वर तो हीटर साडेतीन पटीपेक्षा जास्त पॉवर ओढणार आणि काही सेकंदांत जळणार. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, मशीन 1400 वॅटचं असेल तर 2000 च्या खालचा नको, आणि तो मिक्सरपेक्षा जड येतो, ओट्यावर जागा बघून ठेवा. तिकडची लाईट 60 हर्ट्झची आपली 50 ची, ट्रान्सफॉर्मरनं ते बदलत नाही, त्यामुळं पंप थोडा हळू चालेल. टायमर किंवा घड्याळ असेल तर तेही मागं पडू शकतं.

लाईटचं म्हणाल तर घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर हे ओढायचं नाही. कॉफी निघता निघता लाईट गेली तर घाबरू नका, सोलेनॉइड असेल तर दाब आपोआप ट्रेमधे सुटतो, पण मशीनचा खटका लगेच बंद करा, कारण येताना लाईट कधी कधी झटका देऊन येते. एकच बॉयलर असेल आणि नुकतीच भरपूर वाफ काढली असेल तर लाईट आल्यावर आधी पंप चालवून नळीतून पाण्याची सलग धार येऊ द्या, मगच तापू द्या. आत पाणी कमी आणि हीटर उघडा पडला तर थर्मल फ्यूज उडतो. फ्यूज स्वस्तच असतो, पण तो बदलायला सगळं झाकण उघडावं लागतं, आणि झाकण उघडलंच तर आत झुरळं आहेत का तेपण बघा, थंडीत त्यांना हीच गरम जागा लई आवडते, माझ्याकडं तीन निघाली होती.