गोव्यात कोणी ‘हाड’ म्हणालं तर दचकू नका

तुम्ही बदली होऊन पुण्याहून फोंड्याला आलात. शेजारी तुमच्याशी छान मराठी बोलतात, पण आपापसांत बोलू लागले की निम्मं डोक्यावरून जातं. हॉटेलात मालक पोऱ्याला ‘चा हाड रे’ म्हणाला, तेव्हा त्याने त्याला हाकलून दिलं असं तुम्हाला वाटलं. आता सुरुवात कुठून करावी, असा तुमचा प्रश्न आहे. मी फोंडा तालुक्यातलाच. घरात बोलणं कोकणी, वर्तमानपत्र मराठी, देवळातलं कीर्तनही मराठी. महाराष्ट्रातून आलेले सहकारी नेमके कुठे अडखळतात ते बरीच वर्षं पाहतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पोर्तुगीज शब्दांची धास्ती घेऊ नका. कदेल म्हणजे खुर्ची, जनेल म्हणजे खिडकी, कुलेर म्हणजे चमचा. पोदेर म्हणजे सायकलवरून भोंगा वाजवत पाव घेऊन येणारा. वस्तू समोर दिसली की हे शब्द आपोआप बसतात. चावी, बटाटा, पगार हेही पोर्तुगीजांकडूनच आलेत आणि ते तुम्ही रोज वापरता. खरी फसगत ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांत होते. अनोळखी शब्द आला की माणूस विचारतो, ओळखीचा वाटला की विचारायचं सुचतच नाही.

म्हणून आधी छोटी क्रियापदं शिका. ‘हाड’ म्हणजे आण. ‘पळय’ म्हणजे बघ, पळण्याशी त्याचा संबंध नाही. ‘राव’ म्हणजे थांब. ‘दवर’ म्हणजे ठेव, ‘वच’ म्हणजे जा. आणि ‘जाय’ म्हणजे पाहिजे! दुकानदार ‘तुका कितें जाय?’ म्हणतो तेव्हा तो तुम्हाला काय हवंय ते विचारत असतो. नको असेल तर ‘नाका’ म्हणा. ‘जाता’ म्हणजे होतं, जमतं. काम सांगितल्यावर समोरचा ‘जायत’ म्हणाला तर त्याने होकार दिला. रस्ता विचारलात आणि ‘चड पयस ना’ असं उत्तर आलं, तर ठिकाण फार लांब नाही: चड म्हणजे फार, पयस म्हणजे लांब. ‘फाल्यां’ म्हणजे उद्या, हे मात्र पाठच करा, ऑफिसात पहिल्या दिवसापासून लागेल. ‘खंय’ दोन कामं करतो. ‘खंय वता?’ म्हणजे कुठे जातोस, पण ‘तो येता खंय’ म्हणजे तो येतोय म्हणे.

दोन गोष्टींनी माणसं दुखावली जातात, त्या नीट समजून घ्या. कंडक्टर किंवा भाजीवाली तुम्हाला ‘तूं’ म्हणेल. कोकणीत ‘तूं’ आईवडिलांनाही म्हणतात, त्यात कमीपणा नसतो. आदर दाखवायचा तर नावापुढे ‘बाब’ किंवा ‘बाय’ लागतं. दुसरी गोष्ट, मुलीबद्दल किंवा तरुण बाईबद्दल बोलताना नपुंसकलिंग येतं. ‘तें आयलें’ म्हणजे ती आली, आणि ती मुलगी स्वतःही ‘हांव गेलें’ म्हणेल. माझ्या एका सहकाऱ्याच्या बायकोला हा अपमान वाटला होता आणि तिने शेजारणीशी बोलणं टाकलं होतं. तो खरं तर आपलेपणाचा सूर असतो.

इथल्या मराठी वर्तमानपत्रातही अशा जागा आहेत. ‘मानशीची पावणी’ अशी बातमी दिसली तर त्यात ना माणसं आहेत ना कोणी पाहुणी. नदीकाठच्या खाजन शेतांना खारं पाणी लागू नये म्हणून बांध घालतात आणि त्या बांधात लाकडी झडपांचं दार ठेवतात, ती मानस. भरतीच्या पाण्याच्या दाबाने झडपा मिटतात, ओहोटीला उघडून आतलं पाणी बाहेर सोडतात. या दाराशी मासळी चांगली मिळते, म्हणून तिथे मासे धरण्याच्या हक्काचा लिलाव होतो. पावणी म्हणजे लिलाव. भातशेती, मासळी आणि गावाचा कारभार एका यंत्रणेत बांधणारी ही सोय पोर्तुगीज येण्याच्याही आधीची आहे. संधी मिळाली तर एखादी मानस ओहोटीच्या वेळी जाऊन जरूर पाहा.

‘भाट’ म्हणजे नारळी-पोफळीची बागायत, तिचा मालक तो भाटकार. त्याच्या जमिनीत पूर्वापार घर करून राहिलेला तो मुंडकार. त्याला हुसकावून लावता येऊ नये म्हणून १९७५ चा स्वतंत्र कायदा आहे. भाड्याने घर बघताना ‘मुंडकाराचें घर’ असं ऐकलंत तर जमीन कोणाच्या नावावर आहे ते आधी विचारून घ्या.

खाण्याचं थोडक्यात सांगतो. भाजी-पाव मागितलात तर मुंबईची पावभाजी येणार नाही, पातळ भाजी की सुकी असं विचारतील. शीत म्हणजे भात, नुस्तें म्हणजे मासळी.

एक कळकळीची विनंती. ‘ही तर मराठीचीच बोली’ असं इथे म्हणू नका, प्रेमानेसुद्धा. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही यावर १९६७ साली इथे जनमत कौल झाला आणि गोवा वेगळा राहिला. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोकणीला स्वतंत्र भाषा मानलं, १९८७ मध्ये ती राजभाषा झाली, १९९२ मध्ये आठव्या अनुसूचीत आली. यासाठी लोक रस्त्यावर उतरले होते. त्याच राजभाषा कायद्यात मराठीच्या सरकारी वापराचीही तरतूद आहे, आणि माझ्यासारख्या कितीतरी घरांत दोन्ही भाषा तितक्याच आपल्या आहेत. तुम्ही बिनधास्त मराठी बोला, कोणी तोंड फिरवणार नाही. फक्त समोरच्याच्या भाषेला तिच्या नावाने ओळखा.

आणखी एक, सगळीकडे सारखी कोकणी ऐकू येईल असं समजू नका. बार्देश, तिसवाडी, साष्टी हे तालुके सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांकडे गेले, फोंडा, पेडणे, डिचोली, सत्तरी अठराव्या शतकात. त्यामुळे मडगावच्या बोलण्यात पोर्तुगीज शब्द जास्त भेटतील, पेडण्याची बोली सावंतवाडीकडे झुकलेली वाटेल.

गावांच्या पाट्यांचंही एक तंत्र आहे. रोमन स्पेलिंग पोर्तुगीज पद्धतीचं असतं. शेवटचा ‘एम’ म्हणायचा नसतो, बहुतेक ठिकाणी तो फक्त अनुस्वार दाखवतो: पाटीवरचं ‘केपेम’ म्हणजे केपें, ‘सांगेम’ म्हणजे सांगें. ‘एक्स’ असेल तिथे श वाचा. ‘बिचोलिम’ लिहिलेलं गाव मराठीत डिचोली आणि कोकणीत दिवचल आहे. बस स्टँडवर या तिन्हींतलं कुठलंही नाव ऐकू येईल, गाडी एकच असते.