मांगा, ‘मॅन्गा’ आणि चिखल उपसणारा पक्षी

प्रश्न असा: ‘मुलगी जपानी मॅन्गा वाचते. मीही हातात घेतलं आणि गुंतले. गोष्ट गंभीर, पानंच्या पानं संवाद नाहीत, तरी हातातून सुटत नाही. याला मराठीत व्यंगचित्र म्हणायचं की जपानी कार्टून?’

दोन्ही नको. आणि ‘मॅन्गा’ तर मुळीच नको! जपानीत ‘ॲ’ हा स्वरच नाही. आखूड ‘आ’, मग अख्खी मात्रा खाणारा अनुनासिक, मग ‘गा’. मांगा लिहा. छापील तो मांगा, पडद्यावर हलतो तो आनिमे. हेही किती वेळा सांगायचं?

आता मजेचा भाग. मांगा लिहायला दोन चिनी अक्षरं लागतात, ‘मान’ आणि ‘गा’. ‘गा’ म्हणजे चित्र. ‘मान’च्या अक्षरात डावीकडे पाण्याची खूण असते: पसरणं, वाहवत जाणं, स्वैर असणं. ‘लहरी चित्रे’ एवढं लिहून बरेच जण हात झटकतात, वर शब्द जपानी चित्रकार होकुसाईनं घडवला असंही ठोकून देतात. होकुसाईच्या ‘मांगा’चा पहिला खंड १८१४चा, लेखक सान्तो क्योदेननं तो शब्द १७९८मध्येच वापरला होता. शिवाय होकुसाईकडे पैलवान आहेत, मासे आहेत, भुतं आहेत, गोष्ट नाही. ती आली विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, किताझावा राकुतेनसारख्या चित्रकारांच्या हातून.

पण त्याच्या कितीतरी आधी, बाराव्या शतकात, चीनच्या होंग माई या लेखकानं हीच दोन अक्षरं एका पक्ष्याचं नाव म्हणून नोंदवली आहेत. पाणथळीत दोन पक्षी. एक काठाशी निश्चल, मासा पायाखालून गेला तरच टिपणारा. दिवसभर मिळाला नाही तरी जागा न सोडणारा. दुसरा पाण्यावर धावत कुजकं गवत, गाळ, वाळू चोचीनं ढवळत राहणारा, क्षणभर न थांबणारा. हा दुसरा म्हणजे ‘मांगा’! जपानीत पक्ष्यासाठी उच्चार ‘मानकाकु’. १७७१च्या एका जपानी लेखसंग्रहाच्या नावातही तो आहे: जे दिसेल ते टिपत फिरणारा लेखक, या अर्थानं. ‘मुक्त लेखन’वाल्या ‘मानपित्सु’वरून चित्रांचा शब्द आला म्हणणारे या पक्ष्याला तळटीपेत टाकतात. मला तोच पटतो, कारण मांगाचं पान तसंच वाचलं जातं. उजवीकडून डावीकडे डोळा चौकटीचौकटीतून पळतो, आणि मध्येच पानभर नुसता पाऊस येतो. तिथे काठावरचा पहिला पक्षी उभा असतो. तुम्हाला संवादाशिवाय कंटाळा का आला नाही, ते इथे आहे.

जपानी कोश या पक्ष्याला चमचा, म्हणजे चमच्यासारख्या चोचीचा उंच पाणपक्षी, ठरवतात. मला शंका आहे. होंग माई स्वच्छ म्हणतो, ‘बदकासारखा’. चमचा कुठल्या कोनातून बदक दिसतो? पसरट चोचीनं पाणी चाळणारा थापट्या बदक जास्त जुळतो. हिवाळ्यात भिगवणला जा, दोघंही दिसतील, तुम्हीच ठरवा.

हो, मराठी शब्द राहिलाच. व्यंग काढायचं नसेल तर चित्रकथा म्हणा.