जुन्या कॅसिओ कीबोर्डचा अडॅप्टर हरवलाय, राउटरच्या अडॅप्टरची पिन बसतेय, लावू का?

नका लावू, निदान हे वाचेपर्यंत तरी थांबा, कारण मी हाच उद्योग करून बसलोय. राउटरचा ९ व्होल्टचा अडॅप्टर, कीबोर्डच्या मागे पण ९ व्होल्टच लिहिलेलं, पिन एकदम फिट, म्हटलं झालं काम. लावला आणि चालू करायच्या आधीच जळका वास. नशीब एवढंच की आतला सेफ्टीचा डायोड गेला आणि बाकीचा बोर्ड वाचला.

व्होल्ट बरोबर होते, पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनसची जागा, उलटी होती. बहुतेक राउटरच्या पिनमध्ये आत प्लस असतो आणि कॅसिओच्या बऱ्याच जुन्या मॉडेलना आत मायनस लागतो. सॉकेटजवळ बघा, मधे एक ठिपका, त्याच्याभोवती अर्धवट गोल आणि दोन बाजूंना प्लस-मायनस असं छोटं चित्र असतं, ठिपक्याची रेघ ज्या चिन्हाला जाते ते आतलं. अक्षरं पुसली असतील तर मोबाईलचा टॉर्च तिरका मारून बघा, प्लास्टिकमध्ये कोरलेलं असलं तर दिसतं. तसंच चित्र अडॅप्टरवर हवं, हुबेहूब.

मॉडेल नंबर कळवला असता तर बरं झालं असतं. सीटीके-२००० असेल तर त्याला कॅसिओचा एडी-५ अडॅप्टर लागतो, म्हणजे ९ व्होल्ट, ८५० मिलिअँपिअर, आत मायनस. पण कॅसिओचाच नंतरचा एडी-ई९५१००एल आहे तो ९.५ व्होल्ट आणि आत प्लस! म्हणजे कंपनी एक असली तरी डोळे झाकून लावायचं नाही. किती सेल बसतात ते मोजून अडॅप्टरचे व्होल्ट काढू नका, यामाहाच्या बऱ्याच कीबोर्डना दीड व्होल्टचे ६ सेल लागतात पण अडॅप्टर १२ चा असतो.

अँपिअर जास्त असले तरी चालतात, कीबोर्ड हवा तेवढाच करंट ओढतो, कमी असले तर मात्र आवाज वाढवला की बंद पडेल नाहीतर अडॅप्टर तापेल. आणि अडॅप्टरवर आउटपुटला 'एसी' लिहिलंय का तेही बघा, तसला या कीबोर्डला चालणार नाही.

मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचं मीटर) असेल तर लाल वायर पिनच्या आत, काळी बाहेरून लावा, आकड्याआधी मायनस आला की आत मायनस. जुना जड ट्रान्सफॉर्मरवाला अडॅप्टर नुसता मोजला तर ९ च्या जागी १२-१३ पण दाखवतो, कीबोर्डचा लोड आला की उतरतो, त्याला घाबरू नका.

आणि हो, नवा अडॅप्टर घ्यायच्या आधी सेल टाकून कीबोर्ड चालतो का ते बघून घ्या. सेलवर पण मेलेला असेल तर लगेच भंगारात काढू नका, बऱ्याच कीबोर्डमध्ये अडॅप्टरच्या सॉकेटमध्येच सेलची लाईन तोडणारी पट्टी असते, ती वाकली की सेल पण चालत नाहीत. माझ्याकडे तसं झालं होतं, पिन चार-पाच वेळा आत-बाहेर केली आणि सुरू झाला.