हिडकल धरणावर गळ टाकायला शिशाची वजनं घरीच ओतायची आहेत. साचा कोणता घ्यावा?

ॲल्युमिनियमचा, दोन भागांचा घ्या. लवकर तापतो, शिसं चिकटत नाही. बिडाचा जास्त टिकतो, पण आपल्या पावसात तेलाचा हात फिरवला नाही की गंजलाच. घेताना दोन्ही भाग मिटवून उजेडाकडे धरा. फट दिसली तर वजनाला कडेनं पापुद्रा येणार. जुळवणीच्या पिना डुगडुगायला नकोत. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मिलिंग मशीनवर साचा कोरून घेत असाल तर हवा जायला बारीक चरे मारायला सांगा, नाहीतर टोक अर्धवटच भरतं. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. साचा थंड असला की सुरकुत्या पडतात, म्हणून पहिली चार-पाच वजनं परत कढईत. ओल मात्र थेंबभरही नको, वाफ होऊन शिसं तोंडावर उडतं. काम उघड्यावरच करा, आणि ती कढई पुन्हा स्वयंपाकघरात नाही.