विंडोज ११ वरून परत १० वर यायचं आहे, डेटा आणि लायसन्स जाईल का?

तुम्ही लिहिलंय की तीन आठवड्यांपूर्वी लॅपटॉप १० वरून ११ वर नेला, तेव्हापासून दुकानातल्या जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर बसत नाही, आणि नागपुरातल्या बर्डीवरचा दुकानदार म्हणतो, "फॉरमॅट मारून १० टाकून देतो, पण सगळं जाईल." सगळं जायची गरज नाही. मात्र तीन आठवडे उलटल्यामुळे सोपा रस्ता बहुधा बंद झाला असणार.

तो रस्ता असा: सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी आणि तिथलं 'गो बॅक'. अपग्रेड झालं की जुनं विंडोज सी ड्राइव्हमध्ये 'विंडोज डॉट ओल्ड' या फोल्डरात १० दिवस पडून असतं. ते असेपर्यंत हे बटण चालतं, तुमच्या फायली जागेवर राहतात, फक्त अपग्रेडनंतर टाकलेली सॉफ्टवेअर निघून जातात. १० दिवसांनी फोल्डर आपोआप पुसलं जातं, डिस्क क्लीनअप केलं असेल तर त्याआधीच. बटण फिकट दिसलं तर त्याचा नाद सोडा. ज्यांचे १० दिवस अजून संपलेले नाहीत, त्यांनी कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडून डीआयएसएम या विंडोजच्याच साधनाची 'DISM /Online /Set-OSUninstallWindow /Value:60' ही कमांड द्यावी, मुदत ६० दिवसांची होते. मुदत संपल्यावर ती देऊन उपयोग नाही.

पण मला विचाराल तर, केवळ प्रिंटरपायी विंडोज बदलण्याआधी तासभर प्रिंटरवरच घालवा. १० साठीचा ६४-बिट ड्रायव्हर बहुतेक वेळा ११ वरही चालतो. सेटिंग्जमध्ये प्रिंटर्स अँड स्कॅनर्सच्या पानावर 'विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट मोड' चालू आहे का ते बघा. ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून ही सोय आली, आणि ती चालू असली की कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर बसतच नाही. ती बंद असूनही जमलं नाही, तर प्रिंटर हाताने अ‍ॅड करा, 'हॅव डिस्क' निवडा आणि ड्रायव्हरच्या फोल्डरातली आयएनएफ फाइल दाखवा.

तरीही अडलं तर नव्याने १० टाकावं लागेल. इथे खरं काम पेन ड्राइव्ह लावण्याआधीचं आहे.

बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स सगळेच घेतात. सुटतो तो टॅलीचा डेटा, ब्राउझरमधले पासवर्ड आणि फॉन्ट. मराठीचे जुने फॉन्ट वापरत असाल तर हे नीट बघा: ते सगळ्यांसाठी न टाकता फक्त तुमच्या खात्यासाठी टाकलेले असतील, तर ते विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरात नसतात, तुमच्या युजर फोल्डरातल्या अ‍ॅपडेटामध्ये दडलेले असतात. ते राहून गेले की जुनी पत्रकं उघडताच अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात.

त्यानंतर डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर (डिस्कवरच्या डेटाला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर बंद करा आणि डिक्रिप्शन पूर्ण होऊ द्या. हे टाळलं तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये) हात लावताच लॅपटॉप ४८ आकडी रिकव्हरी की मागतो, आणि डी ड्राइव्हही एन्क्रिप्ट असेल तर तिच्याशिवाय तो उघडत नाही. ही की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. ती कागदावर लिहून ठेवा.

तिसरी गोष्ट ड्रायव्हर. लॅपटॉपच्या तळाशी मॉडेल नंबर असतो. तो कंपनीच्या साइटवर टाकून १० साठीचा वाय-फाय ड्रायव्हर आणि, इंटेलचा ११ व्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर असेल तर, रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवून वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवा. अशा अनेक लॅपटॉपमध्ये बायोसमध्ये व्हीएमडी (इंटेलची डिस्क हाताळण्याची सोय) चालू असतं. मग १० च्या सेटअपला एसएसडी दिसतच नाही आणि माणसाला वाटतं डिस्क गेली. डिस्क शाबूत असते. 'लोड ड्रायव्हर' दाबून हा ड्रायव्हर दिला की ती दिसते. व्हीएमडी बंद करूनही दिसते, पण मग आधीचं ११ सुरू होत नाही, म्हणून बॅकअपच्या आधी त्याला हात लावू नका.

आता ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह घ्या. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज १० चं मीडिया क्रिएशन टूल उतरवून त्यावर चालवा. नागपुरात मे-जूनच्या वादळात लाइट जायला वेळ लागत नाही, तेव्हा बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला ठेवा. लॅपटॉप गादीवर नको, टेबलावर. बूट मेन्यू डेल, लेनोव्होवर एफ१२ ने येतो, एचपीवर एफ९ ने. यादीत पेन ड्राइव्हच्या नावापुढे यूईएफआय (UEFI, लॅपटॉप सुरू करण्याची नवी पद्धत) असेल तीच नोंद निवडा. दुसरी निवडली तर 'डिस्क जीपीटी (पार्टिशनच्या नव्या पद्धतीची) आहे' म्हणून सेटअप अडून बसतो.

की विचारली तर 'माझ्याकडे की नाही' निवडा. डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं आणि ते १० लाही लागू पडतं, फक्त आत्ताची आवृत्ती होम असेल तर होमच आणि प्रो असेल तर प्रोच टाका. क्रॅक केलेली प्रत कुणी फुकट देत असेल तरी घेऊ नका, लायसन्स तुमचं आहेच. 'कस्टम' निवडा, फक्त सी ड्राइव्हचं पार्टिशन पुसा, डीला हात लावू नका. कोणतं कोणाचं ते आकारावरून ओळखता येतं, म्हणून आधीच दोन्हींचे आकार लिहून ठेवा. वाय-फाय चाललं नाही तर फोन यूएसबीने जोडून टेदरिंग करा.

एक गोष्ट मनावर घ्या: विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत, पण ती आपोआप येत नाहीत. २२एच२ आवृत्ती हवी, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन हवं आणि विंडोज अपडेटच्या पानावरून नाव नोंदवावं लागतं. सेटिंग्जचा बॅकअप खात्यात घेतलात तर पैसे लागत नाहीत. या लॅपटॉपवर बँकेचे किंवा जीएसटीचे व्यवहार होत असतील तर नोंदणी त्याच दिवशी करून टाका, आणि त्या मुदतीच्या आत ११ वर चालणारा प्रिंटर बघून ठेवा.