अमेरिकेत वैद्यकीय उपकरणांचं दुकान काढून मेडिकेअरला (मुख्यतः ६५ वर्षांवरच्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) बिल लावायची मंजुरी कशी मिळते? कन्सल्टंट ‘पाच हजार डॉलरमध्ये सगळं करून देतो’ म्हणतोय, विश्वास ठेवावा का?

न्यू जर्सीत मी आणि बायको मिळून व्हीलचेअर, वॉकर, हॉस्पिटल बेड असलं सामान पुरवणारं छोटं दुकान चालवतो. २०२३ साली याच फेऱ्यातून गेलो. तुमचा कन्सल्टंट खोटं बोलत नसेल, पण तो करून देणार तो सगळ्यात सोपा भाग. फॉर्म कुणीही भरेल. तपासणी दुकानाची होते, आणि दुकान तुमच्यासाठी दुसरं कुणी उघडून बसणार नाही.

‘आधी मंजुरी येऊ दे, मग जागा बघू’ हा आपला हिशेब इथे चालत नाही. जागा आधी. किमान २०० चौरस फूट, बाहेर पाटी, दारावर वेळा लिहिलेल्या, आठवड्याला किमान ३० तास उघडं, आणि दुकानाच्या नावावर नोंदलेला फोन. मुख्य नंबर म्हणून नुसता मोबाइल दिला तर चालत नाही, आणि कामाच्या वेळेत फोन मशीनवर टाकून ठेवलेलाही चालत नाही. अशी एकूण ३० कलमं आहेत, त्यांना सप्लायर स्टँडर्ड्स म्हणतात. ती छापून काढा आणि दोनदा वाचा, कन्सल्टंटचे निम्मे पैसे वाचतील.

शिवाय ३ लाख डॉलरचा लायबिलिटी विमा आणि ५०,००० डॉलरचा शुअरटी बाँड, म्हणजे आपण मेडिकेअरचे पैसे बुडवले तर भरून देण्याची बाँड कंपनीची हमी. बाँडचा आकडा ऐकून माझी झोप उडाली होती, पण ती रक्कम भरायची नसते. तुमचं क्रेडिट बघून वर्षाचा हप्ता ठरतो. मग मान्यताप्राप्त संस्थेकडून ॲक्रेडिटेशन, म्हणजे दुकान दर्जाच्या नियमांत बसतं असं प्रमाणपत्र. वेळ सगळ्यात जास्त इथेच जातो. राज्याचा परवाना लागतो का, कुठला लागतो, हे राज्याराज्यात वेगळं आहे. एनपीआय नंबर, म्हणजे आरोग्यसेवा देणाऱ्याचा ओळख क्रमांक, मात्र फुकट आणि पटकन मिळतो. दुकानाच्या प्रत्येक जागेला वेगळा घ्यायचा.

हे सगळं हातात आलं की ८५५-एस हा नोंदणीचा अर्ज पेकॉस या मेडिकेअरच्या साइटवर ऑनलाइन भरायचा. आम्ही ६८८ डॉलर फी भरली, २०२५ला ती ७३० झाली, दरवर्षी वाढतेच. जुन्या व्हिडिओंमध्ये अर्ज ‘एनएससी’कडे (पूर्वी हे अर्ज बघणारं केंद्र) पाठवा असं सांगतात, ते विसरा. नोव्हेंबर २०२२पासून पूर्वेकडच्या राज्यांचे अर्ज नोविटास ही मेडिकेअरनं नेमलेली कंपनी बघते आणि पश्चिमेकडचे पाल्मेटो ही दुसरी कंपनी. पैसे गुंतवण्याआधी एक गोष्ट मात्र सीएमएसच्या (मेडिकेअर चालवणारं सरकारी खातं) साइटवर बघून घ्या: नवीन नोंदणी सध्या चालू आहे ना? ती काही काळ थांबवायचा अधिकार त्यांना आहे.

आता आमची फजिती. तपासनीस न सांगता येतो. एका मंगळवारी बायको डेंटिस्टकडे गेलेली, मी एकटाच. दुपारी दीडला दारावर ‘१० मिनिटांत येतो’ अशी चिठ्ठी लावून समोर कॉफी आणायला गेलो. परत येतो तर एक गृहस्थ गाडीत बसून आमच्या दाराचा फोटो काढतायत. त्यात ‘१० ते ५ उघडे’ ही पाटी आणि तिच्याखाली माझी चिठ्ठी, दोन्ही एकाच चौकटीत! मी कप हातात घेऊन धावलो, तोवर गाडी निघाली. नशिबानं दुसऱ्यांदा आला तेव्हा आम्ही दोघंही होतो. त्यानं विम्याचा कागद, सामान, रुग्णाला द्यायच्या सूचनांचे कागद, सगळं बघितलं. त्या दिवसापासून आमच्याकडे डबा दुकानातच खाल्ला जातो.

दुसरी चूक भागीदारीची. घरचा माणूस म्हणून मेहुण्याला १० टक्के दिले होते. नवीन दुकानात ५ टक्के किंवा त्याहून जास्त मालकी असलेल्या प्रत्येकाला बोटांचे ठसे द्यावे लागतात, पत्राच्या तारखेपासून ३० दिवसांत. पत्र आलं तेव्हा हा पुण्यात, बहिणीच्या मुलीच्या लग्नात. तिकीट बदलायला गेलेले पैसे तो अजून ऐकवतो.

एवढा संशय का, असा राग येतो. पण एप्रिल २०१९मध्ये कंबरेच्या-गुडघ्याच्या पट्ट्यांचा घोटाळा उघड झाला त्यात १३० उपकरण कंपन्या होत्या आणि आकडा १२० कोटी डॉलरच्या पुढे. जून २०२५मध्ये तर चालू दुकानं विकत घेऊन १०६० कोटी डॉलरची खोटी बिलं लावणारी टोळी पकडली, मुख्यतः कॅथेटरची, म्हणजे लघवीच्या नळ्यांची. त्यामुळे नवा दुकानदार आला की त्याला ‘हाय रिस्क’ रांगेत उभं करतात. आपण त्यात भरडले जातो, पण मला ते अगदीच चुकीचं वाटत नाही.

पैशाचं गणित नीट करा. मंजुरीच्या तारखेआधी दिलेल्या सामानाचं बिल मेडिकेअर देत नाही, मागल्या तारखेनंही नाही. म्हणजे तोवरचं भाडं, वीज, हप्ते खिशातून, किंवा रोखीच्या गिऱ्हाइकांवर. नंतरही पैसा एकदम येत नाही. साधी व्हीलचेअर भाड्याच्या हिशेबात बसते, १३ महिने थोडे थोडे पैसे येतात आणि मग ती रुग्णाची होते. पहिलं वर्षभर पुरेल एवढी शिल्लक नसेल तर थांबा, असं मी म्हणेन.

आणि एक खास आपल्या लोकांसाठी. मेडिकेअर ८० टक्के देतं, उरलेले २० टक्के रुग्णाकडून किंवा त्याच्या दुसऱ्या विम्याकडून घ्यायचे असतात. ‘राहू द्या हो काका, तुमच्याकडून काय घ्यायचं’ हे सर्रास केलंत तर तो गुन्ह्याकडे जाणारा रस्ता आहे. खरंच ऐपत नसेल तर तसे कागद करून सूट देता येते. तसंच मंडळाच्या यादीतले आजी-आजोबांचे नंबर काढून ‘गुडघा दुखतो का’ असे फोन करायचे नाहीत. न मागता फोन करायला त्या ३० कलमांत बंदी आहे. आम्ही गणपतीच्या स्मरणिकेत अर्ध्या पानाची जाहिरात दिली. फोन लोकांनीच केले.